डिंभ्याचा पत्ता : प्रस्तावना

आंबेगाव तालुका ज्या गावाच्या नावानं ओळखला जातो, ते मूळ आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तहसील कचेरी घोडेगावात, मोठी बाजारपेठ मंचरला आणि तालुक्याचं नाव मात्र बुडालेल्या गावाचं. व्यवहारात यानं कुणाचं अडत नाही. सात-बाऱ्यावर ‘ता. आंबेगाव’ लिहिलं की ते कोणतं, हे तलाठ्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना कळतं. अडतं ते मोबाइलच्या पडद्यावर. पुण्यात बसलेल्या माणसानं ‘आंबेगाव हॉटेल’ असं टाकलं, की त्याच्यापुढे बहुधा कात्रजजवळचं आंबेगाव बुद्रुक नाहीतर आंबेगाव खुर्द येतं. यात यंत्राची चूक काढता येत नाही. शोधणारा पुण्यात आहे, ते आंबेगाव त्याला जवळ आहे, तिथं हॉटेलं जास्त आणि त्यांच्याबद्दल दोन ओळी लिहून ठेवणारी गिऱ्हाइकंही जास्त. त्याला घाटाकडचं आंबेगाव हवं असेल, असं मानायला यंत्रापाशी काही कारणच नसतं.

जुन्नर-आंबेगावातल्या छोट्या व्यावसायिकांसाठी लिहिलेल्या या पुस्तिकेचा विषय हाच आहे : शोधयंत्रावरच्या आणि एकूणच ऑनलाइन जाहिरातीत ठिकाणामुळे काय घडतं, काय बिघडतं. या विषयावर इंग्रजीत पुस्तकं ढिगानं मिळतात. त्यांतली उदाहरणं परदेशी शहरांतल्या पिझ्झावाल्याची किंवा नळ दुरुस्त करणाऱ्याची असतात. तिथं रस्त्याला नाव असतं, घराला नंबर असतो, दुकान जिथं आहे तिथंच गिऱ्हाईकही राहतं. डिंभ्याला यातलं काहीच लागू पडत नाही. म्हणूनच उदाहरण डिंभ्याचं घेतलं. कोथरूडच्या दुकानाला जे गृहीत धरता येतं, ते इथं एकेक करून तपासावं लागतं आणि तसं तपासलं की विषय खरा कळतो.

मंचरहून भीमाशंकरकडे निघालं की घोडेगाव मागं पडल्यावर डिंभे येतं. घोड नदीवरचं हे धरण कुकडी प्रकल्पातलं. येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही त्याची बाकीची चार भावंडं. जलाशयाचं अधिकृत नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना त्यांना मरण आलं. धरणात महादेव कोळी आणि कातकरी समाजाच्या वाड्या गेल्या, भातखाचरं गेली. काही कुटुंबं पाण्याच्या वर सरकून काठावरच राहिली. आज त्याच काठावर शनिवार-रविवारी तंबू लागतात, भीमाशंकरच्या वाटेवरचे भाविक चहा-पिठल्याला थांबतात, जलाशयात मासेमारी चालते, वरच्या जंगलातून हिरडा खाली येतो. विकायला काहीतरी आहे आणि घेणाराही आहे. दोघांच्या मध्ये अंतर आहे, आणि ते तोडायचं काम जाहिरातीचं.

हे काम या मुलखाला नवं नाही. शेजारच्या नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालक तिथं राहुट्या टाकतात, दारावर फडाचा फलक लावतात आणि गावोगावचे पंच यात्रेची सुपारी द्यायला येतात. नीट पाहिलं तर शोधयंत्राच्या जाहिरातीला लागतं ते सगळं इथं आहे. ज्याला गरज आहे तो स्वतः शोधत येतो. सगळे फड एकमेकांच्या शेजारी उभे असतात, त्यामुळे तुलना जागेवरच होते. भाव ठरतो तो फडाच्या नावावर, यात्रेच्या तिथीवर आणि गावाच्या अंतरावर. ज्या रात्री दहा गावांची यात्रा असते त्या रात्रीची सुपारी महाग. आज इथं खेळलेला फड उद्या रात्रीपर्यंत किती लांब पोचेल, हा हिशोब फडमालकाच्या डोक्यात पक्का असतो. फरक आहे तो एकच, पण मोठा. नारायणगावात गिऱ्हाईक बाजाराच्या जागी चालत येतं. शोधयंत्रानं बाजार गिऱ्हाइकाच्या हातात नेऊन ठेवला आणि त्याला कोणत्या राहुट्या दिसाव्यात हे ठरवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला.

गूगलनं ऑक्टोबर 2000 मध्ये ॲडवर्ड्स ही जाहिरातसेवा सुरू केली, तेव्हा जाहिरातदार होते 350. पुढे 2018 मध्ये तिचं नाव गूगल ॲड्स झालं. माणूस शब्द टाकतो, त्या शब्दावर दिसू इच्छिणाऱ्यांत त्याच क्षणी लिलाव होतो आणि जाहिरातीवर बोट पडलं तरच पैसे कापले जातात, हे तिचं सर्वांत ओळखीचं रूप. लिलाव नुसत्या बोलीवर सुटत नाही. जाहिरात शोधाशी किती जुळते, ती उघडल्यावर येणारं पान कामाचं आहे का, तिच्यावर बोट पडण्याची शक्यता किती, शोधणारा कुठं आहे, कोणत्या वेळी शोधतो आहे, हे सगळं तोललं जातं. म्हणून एकाच शब्दाचा भाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेचा. ‘लेक कॅम्पिंग’ या शब्दांवर लोणावळ्याजवळच्या पवना धरणाचे तंबूवाले आधीच उभे आहेत. तिथं डिंभ्याच्या माणसानं बोली लावणं म्हणजे पैसे पाण्यात. ‘भीमाशंकर रस्त्यावर मुक्काम’ असं शोधणारे थोडे असतील, पण ते त्याच्याच दारावरून जाणार आहेत.

आता ठिकाणाकडे वळू. घोटाळ्याचं मूळ हे, की ऑनलाइन जाहिरातीत ठिकाण एक नसतं, तीन असतात. माणूस आत्ता उभा आहे ते. त्याच्या मनात आहे, म्हणजे त्यानं शोधात टाकलंय ते. आणि तो जिथं आहे असं यंत्राला वाटतं ते. कोथरूडमधल्या चष्म्याच्या दुकानाला बहुतेक वेळा तिन्ही एकच पडतात. डिंभ्यातल्या तंबूवाल्याला ती तीन दिशांना ओढतात.

त्याचं गिऱ्हाईक चिंचवडला किंवा ठाण्याला बसलेलं आहे. डिंभ्यात उभ्या असलेल्या माणसाला तंबूची जाहिरात दाखवून उपयोग नाही. तो गावचा तरी असतो किंवा येऊन पोचलेला पाहुणा. गूगल ॲड्समध्ये ठिकाण निवडताना त्याच्या खाली एक पर्याय मिटून ठेवलेला असतो : त्या ठिकाणी असणारे किंवा नेहमी येणारेच लोक हवेत, की त्या ठिकाणात रस दाखवणारेही चालतील? आपण हात लावला नाही तर दुसरा, सैल पर्याय लागू राहतो. तंबूवाल्यानं आंबेगाव तालुका निवडला आणि हा पर्याय तसाच ठेवला, तर इंदूरचा आणि दुबईचाही माणूस जाहिरातीवर बोट ठेवून जाईल, आणि त्या बोटाचे पैसे इकडे कापले जातील. त्यापेक्षा त्यानं ठिकाण म्हणून पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, मुंबई निवडावं, ‘तिथं असणारेच’ असं सांगावं आणि डिंभे-भीमाशंकर ही नावं शब्दांत ठेवावीत. घोडेगावातल्या ठिबक बसवणाऱ्याचं सगळं याच्या उलट. त्यानं ठिकाण आपला तालुका ठेवावा, पर्याय तोच घट्ट ठेवावा आणि शब्दांत गावाचं नाव नसलं तरी बिघडत नाही. शेतात उभा राहून ‘ठिबक दुरुस्ती’ शोधणारा शेतकरी स्वतःच्या गावाचं नाव कशाला टाकेल? चुकीच्या शब्दांनी जेवढे पैसे वाया जातात, त्याहून जास्त या एका न उघडलेल्या पर्यायानं जात असतील, असं माझं मत आहे.

तिसरं ठिकाण, म्हणजे यंत्राचा अंदाज, हा जाहिरात विकत घेणाऱ्यांना सर्वांत कमी कळलेला भाग. फोनवर जीपीएस चालू असेल आणि परवानगी दिलेली असेल तर ठिकाण थोड्याशा फरकानं सापडतं. नसेल तर आजूबाजूचं वायफाय, मग मोबाइलचा टॉवर आणि काहीच हाती लागलं नाही तर इंटरनेटचा आयपी पत्ता. मोबाइल कंपन्यांचं इंटरनेट मोठ्या शहरांतल्या केंद्रांतून बाहेर पडतं. त्यामुळे नुसत्या आयपीवरून पाहिलं तर भीमाशंकरच्या वाटेवरच्या तळेघरच्या पोराचा फोन पुण्यात किंवा मुंबईत असल्यासारखा दिसू शकतो. मग त्याला हडपसरच्या जिमची जाहिरात दिसते. आणि तंबूवाल्यानं पुणे निवडलं असेल, तर त्याचीच जाहिरात फिरून त्याच्या भावकीच्या फोनवर येते, भावकी कौतुकानं ती उघडून बघते आणि पैसे कापले जातात. त्यात 2020 मध्ये आयफोनवर आणि 2021 मध्ये अँड्रॉइडवर, ॲपला नेमकं ठिकाण न देता ढोबळ ठिकाण देण्याची सोय आली. माणसाच्या दृष्टीनं ती चांगलीच सोय आहे. जाहिरातदाराचा अंदाज मात्र आणखी सैल झाला.

पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांत रेंजच डोंगराआड येते-जाते. तिकडे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेची. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची ही दुर्बीण इथं आली, त्यामागं या भागातला रेडिओ-गोंगाट कमी होता हे एक कारण. आकाशातून येणारा क्षीण संदेश टिपायला तिला शांतता लागते. शेजारच्या गावातल्या दुकानदाराला टॉवर लागतो. दोघांचंही बरोबरच आहे.

अंदाजाचा इतका भरवसा नाही, तर पत्त्यावर विसंबावं म्हटलं तर तिथं पिन कोड येतो. ही सहा आकडी पद्धत टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली आणि 15 ऑगस्ट 1972 पासून ती सुरू झाली. वेलणकर संस्कृतचे जाणकार, त्या भाषेत लिहिणारे. एकाच नावाची अनेक गावं आणि नाना लिप्यांत लिहिलेले पत्ते यांच्या गुंत्यातून टपाल सुटावं, हा त्यामागचा हेतू. आज जाहिरातदार जाहिरात दाखवायचा भाग ठरवताना तेच सहा आकडे टाकतात. पण पोस्टमनच्या सोयीसाठी पाडलेली ही वाटणी शहरात आणि खेड्यात सारखी नाही. पुण्यात एक पिन म्हणजे एखादं उपनगर. इकडे एका पिनमध्ये गावं, वाड्या, डोंगर, कधी जलाशयाचे दोन्ही काठ. शहरातल्या जाहिरातदाराला त्यानं जितकी बारीक निवड करता येते, तितकी इथं करता येत नाही.

नकाशावर टाचणी टोचून भोवती वर्तुळ काढायचा पर्याय सगळ्यांना आवडतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. डिंभ्यावर टाचणी टोचून 35 किलोमीटरचं वर्तुळ काढून बघा. ते सह्याद्रीचा कडा ओलांडून रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात उतरतं. कड्याखालच्या खांडसहून गणेश घाटानं किंवा शिडी घाटानं भीमाशंकरला पायी चढतात. गाडीनं यायचं तर खंडाळ्याचा नाहीतर माळशेजचा घाट चढून केवढा तरी वळसा. जलाशयाच्या पलीकडचं गावही तसंच, डोळ्यांसमोर दिसतं आणि रस्त्यानं जायचं तर पाण्याला फेरा घालावा लागतो. वर्तुळाला ना कडा कळतो, ना पाणी. ठिबकवाल्यानं वर्तुळाच्या मोहात न पडता जिथं आपली मोटारसायकल तासाभरात पोचते त्या गावांची नावं निवडावीत. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे.

नावांचा प्रश्न आंबेगावावर थांबत नाही. आपलं घोडेगाव तहसिलीचं. नेवासे तालुक्यातलं घोडेगाव कांद्याच्या बाजाराचं. ‘घोडेगाव कांदा भाव’ असं शोधणाऱ्याला बहुधा नेवाशाचंच हवं असतं. कर्जतं तर दोन आहेत आणि दोन्हींचा डिंभ्याशी संबंध येतो : एक कड्याखालचं, रायगडातलं; दुसरं अहिल्यानगर जिल्ह्यातलं, कुकडीच्या लाभक्षेत्रातलं. आणि इथं एक गोष्ट पर्यटनाच्या धंद्यातली माणसं विसरतात. कुकडीचं पाणी जुन्नर, आंबेगाव, शिरूर करत पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. पावसाळ्यात ‘डिंभे धरण’ असं शोधणारा माणूस श्रीगोंद्याचा ऊसवाला असू शकतो. त्याला साठा किती टक्के झाला आणि आवर्तन कधी सुटणार हे हवं असतं. काठावरचा तंबू आणि शेकोटी त्याला काय करायची? शब्द तोच, हेतू वेगळा, आणि हेतू बऱ्याचदा शोधणाऱ्याच्या तालुक्यावरून ओळखता येतो. जाहिरातदारासाठी यावर उपाय आहे. ज्या शब्दांवर जाहिरात दिसायला नको ते आधीच कळवता येतात. त्यांना निगेटिव्ह कीवर्ड म्हणतात. डिंभ्याच्या तंबूवाल्याच्या यादीत पाणीसाठा, आवर्तन, विसर्ग, कात्रज, बुद्रुक हे शब्द पहिल्या दिवसापासून असावेत.

त्या यादीत आणखी एक नाव घालावं : माळीण. 30 जुलै 2014 रोजी डोंगर कोसळून याच तालुक्यातलं ते गाव गाडलं गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. ते नाव शोधणाऱ्यासमोर पावसाळी सहलीची जाहिरात येऊ नये. यंत्र शब्दाची किंमत जाणतं, त्यामागचं दुःख त्याला सांगावं लागतं.

लिपीचंही थोडं. बाहेरचा पाहुणा बहुतेकदा रोमन लिपीत शोधतो आणि डिंभे हे नाव तीन-चार तऱ्हांनी लिहितो. एच कधी असतो, कधी नसतो, शेवटी कधी ई येतो तर कधी ए. सगळी रूपं यादीत घ्यावीत. देवनागरीत शोधणाराही आता कमी नाही, आणि त्यात बोलून शोधणारे पुष्कळ.

पैसे न देता दिसण्याची एक जागा आहे, आणि या पुस्तिकेचा अर्धा भाग तिच्यावर खर्च केला आहे. गूगलवरची धंद्याची नोंद, जिला आता बिझनेस प्रोफाइल म्हणतात. जवळपासचं दुकान दाखवताना गूगल तीन गोष्टी पाहतं असं ते स्वतः सांगतं : शोधाशी जुळणारं आहे का, किती अंतरावर आहे, किती नावाजलेलं आहे. अंतर आपल्या हातात नाही. नाव व्हायला वेळ लागतो. पहिली गोष्ट मात्र आजच्या आज दुरुस्त करता येते : धंद्याचा प्रकार नेमका निवडणं, फोन नंबर चालू असणं, श्रावणातल्या सोमवारी आणि महाशिवरात्रीला वेळा बदलतात त्या बदलून ठेवणं, टाचणी खऱ्या दारावर टोचणं. दुकान नसलेल्या आणि गिऱ्हाइकाच्या दारी जाऊन काम करणाऱ्यांना, म्हणजे मोटार-पंप दुरुस्तीवाले, मंडपवाले, जेसीबीवाले यांना, पत्ता न दाखवता सेवेची गावं देता येतात. अशी वीसपर्यंत ठिकाणं टाकता येतात. पत्ताच नीट नसलेल्या वाडीतल्या घराला गूगल नकाशावरचा प्लस कोड उपयोगी पडतो. घराला नंबर नसला तरी चालतो, नकाशावरचा चौकोन पुरतो.

नकाशा आणखी एका अर्थानं धंदा ठरवतो, आणि याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. पुण्याहून भीमाशंकरला जायला दोन रस्ते : राजगुरुनगरहून वाडा गावावरून, किंवा मंचरहून घोडेगाव-डिंभ्यावरून. पुढे तळेघरला ते मिळतात. गाडी चालवणारा पाट्या वाचत नाही, फोनवरची बाई सांगेल तिकडे वळतो. तिनं राजगुरुनगरला डावीकडे वळवलं की डिंभ्याच्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्याचं गिऱ्हाईक गेलं. ना त्याची जाहिरात कमी पडली, ना चहा. म्हणून डिंभ्यावाल्यानं आपल्या जाहिरातीत जेवणाच्या आधी रस्ता विकावा : जलाशयाच्या काठाकाठानं जाणारा रस्ता, तळेघरपर्यंत किती वेळ लागतो, पावसात स्थिती कशी असते. रस्ता निवडला की थांबा आपोआप निवडला जातो.

आता या विषयाची जी बाजू मला सर्वांत महत्त्वाची वाटते तिच्याकडे येतो. ऑनलाइन जाहिरातीत एखाद्या ठिकाणाचं नाव कुणीही वापरू शकतो. त्यासाठी तिथं राहावं लागत नाही. डिंभ्याच्या नावावर पुण्यातला एखादा मध्यस्थ पान उघडतो, शब्दांवर बोली लावतो, पाहुण्याकडून पैसे घेतो आणि काठावरच्या माणसाला माणशी ठरलेली रक्कम देतो. यात बेकायदा काही नाही. पण ज्याचं शेत पाण्यात गेलं त्याच्या पाण्याचा देखावा विकला जातो आणि विक्रीची किल्ली तिसऱ्याच्या हातात राहते. याच जलाशयावर वेगळं घडलेलं आहे. ‘शाश्वत’ या संस्थेच्या साथीनं धरणग्रस्त आदिवासींनी मासेमारीची सहकारी सोसायटी उभी केली. शाश्वतच्या कामाला 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पाण्यावरचा हक्क एकत्र येऊन मागता येतो, तर पाण्याच्या नावावरचा का नाही? चार वाड्यांनी मिळून एक पान, एक फोन नंबर आणि एक नोंद ठेवली तर मध्यस्थाला बोली लावायला परवडणार नाही. एकमेकांविरुद्ध बोली लावत बसलं तर मात्र पैसे जाणार ते लिलाव चालवणाऱ्याकडे.

ठिकाणाच्या नावावर सर्वांत जास्त विकली जाते ती जमीन. ‘भीमाशंकरजवळ फार्महाऊस प्लॉट’ अशा जाहिराती पडद्यावर सारख्या येतात. त्या ठिकाण दाखवतात, ठिकाणाचा कायदा दाखवत नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला सरकारी मंजुरीशिवाय विकता येत नाही. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायला कुळकायद्याचं कलम 63 आड येतं. शिवाय इथं अभयारण्य आहे, त्याचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आहे. महारेराखाली येणाऱ्या प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक द्यावाच लागतो, आणि ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही. या तालुक्यातल्या प्लॉटच्या जाहिरातीवर तो दिसला नाही तर पुढे वाचू नये, इतकं साधं आहे.

नावावरच्या हक्काचा वाद राज्याराज्यांतही होतो. फेब्रुवारी 2023 मध्ये आसाम सरकारच्या एका जाहिरातीत सहावं ज्योतिर्लिंग, म्हणजे भीमाशंकर, कामरूपमधल्या डाकिनी टेकडीपाशी असल्याचं म्हटलं होतं. महाराष्ट्रात त्यावरून बरीच खळबळ झाली, नेत्यांनी निषेध केले. श्रद्धेचा वाद बाजूला ठेवून पाहिलं तर तो भीमाशंकर या नावासाठीचाही वाद होता. देवस्थानाचं नाव हा यात्रेकरूच्या शोधातला पहिला शब्द आहे, आणि त्या शब्दावर घोडेगाव ते तळेघर कितीतरी चुली अवलंबून आहेत.

माणसाच्या ठिकाणाची माहिती गोळा करून हा सगळा बाजार चालतो, हेही सांगायला हवं. ठिकाणाची नोंद बंद केली असं वापरणाऱ्यांना वाटत असतानाही ती होत राहिल्याच्या प्रकरणात गूगलनं नोव्हेंबर 2022 मध्ये अमेरिकेतल्या 40 राज्यांना 39.15 कोटी डॉलर देऊन तडजोड केली. आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला. छोट्या धंदेवाल्यालाही तो विषय परका नाही. पाहुण्यांचे फोन नंबर आणि आधारच्या झेरॉक्स त्याच्याकडेही पडलेल्या असतात. पैशाचा प्रवास तर आणखी लांबचा. जाहिरातीचे पैसे परदेशी कंपनीला जातात म्हणून सरकारनं 2016 मध्ये अशा देयकांवर 6 टक्के समानीकरण आकार लावला होता. 1 एप्रिल 2025 पासून तो काढून टाकला. परदेशी मालाचा ट्रक अडवणाऱ्याचं नाव ज्या जलाशयाला आहे, त्याची जाहिरात परदेशी कंपनीच्या लिलावात होते. मी त्यावर भाष्य करत नाही. नोंद करून ठेवतो.

आता वाचकाला एक आगाऊ सल्ला, जो या पुस्तिकेच्या खपाला मारक ठरेल. ज्यांचा धंदा चार-सहा गावांपुरता आहे, ज्यांना तोंडओळखीनं काम मिळतं, त्यांनी जाहिरात विकत घेऊ नये. बिझनेस प्रोफाइल भरावं, टाचणी तपासावी, येणाऱ्या अभिप्रायांना उत्तरं द्यावीत; एवढं पुरे. ज्यांचं गिऱ्हाईक घाटापलीकडे किंवा शहरात आहे त्यांनीच पैसे घालावेत, आणि तेही आधी एका हंगामाला परवडेल इतकेच. आठवड्यानं खात्यात जाऊन बोटं कुठल्या गावांतून पडली ते पाहावं. तो तक्ता तिथंच असतो आणि बहुतेक जण तो कधी उघडत नाहीत. तो कसा वाचायचा हे पहिल्या प्रकरणात दिलं आहे. बाकीची प्रकरणं त्यानंतर वाचली तरी चालतील.